मालमोटारींच्या मागील पाट्यांचा टिकाऊपणा : जालना औद्योगिक क्षेत्राच्या संदर्भात

जालना येथील औद्योगिक क्षेत्र, ज्यास सर्व लोक ‘एमआयडीसी’ याच नावाने ओळखतात, ते मुख्यतः पोलादाच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. भंगार इंडक्शन भट्टीत वितळवावयाचे, त्याचे ठोकळे ओतावयाचे आणि ते तापवून, लाटून त्यांच्या बांधकामाच्या सळया काढावयाच्या, असे या व्यवसायाचे स्थूल स्वरूप आहे. येथे कच्चा माल व पक्का माल हे दोन्ही लोखंडच होत, आणि त्यांपैकी फार मोठा भाग मालमोटारींतून ये-जा करतो. तेव्हा या कारखानदारीचा भार जितका भट्ट्यांवर आहे तितकाच तो रस्त्यावरील वाहनांच्या मागील आसांवर आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मागील आस व गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जो लवचिक आधार असतो तो बहुतेक मालमोटारींत पोलादी पाट्यांचा असतो. एकावर एक रचलेल्या, किंचित कमानदार अशा या पट्ट्या. गॅरेजच्या भाषेत ‘कमान’ किंवा नुसते ‘पाटे’. पाटा तुटणे ही वाहतूकदारांच्या व्यवहारातील नित्याची घटना आहे. तिची कारणे विचारली असता साधारणतः दोन उत्तरे मिळतात : एक तर ‘पाटा कच्चा निघाला’, नाही तर ‘गाडी खड्ड्यात आदळली’. ही दोन्ही कारणे कधी कधी खरी असतात. परंतु बहुसंख्य प्रसंगी ती अपुरी असतात. पाटा ज्या क्षणी तुटतो त्या क्षणी काय घडले यापेक्षा त्यापूर्वीच्या शेकडो फेऱ्यांत काय घडत होते, यावर त्याचे आयुष्य ठरते. ही गोष्ट उलगडून दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बळकटी आणि टिकाऊपणा

पोलादाच्या गावात पोलादाची बळकटी कोणास समजावून सांगावी लागत नाही. सळईवर उमटविलेल्या ‘५००’ या आकड्याचा अर्थ असा की, दर चौरस मिलिमीटरास किमान ५०० न्यूटन इतके प्रतिबल येईपर्यंत ती सळई कायमची ताणली जात नाही. प्रतिबल म्हणजे पदार्थाच्या एकक क्षेत्रफळावर येणारे आंतरिक बल. पाट्याचे पोलाद याहून कितीतरी बळकट असते. त्यात कार्बनचे प्रमाण सुमारे ०.५ ते ०.६ टक्के असते, म्हणजे सळईत चालते त्याच्या जवळजवळ दुप्पट. सिलिकॉन व मँगनीज किंवा क्रोमियम व व्हॅनेडियम ही मूलद्रव्येही त्यात मिसळलेली असतात. हे पोलाद सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात बुडवितात व नंतर मध्यम तापमानास पुन्हा शेकतात. या संस्कारानंतर त्याची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरास १,३०० न्यूटनांच्याही वर जाते. ग्रामीण लोहार कोयता किंवा कुऱ्हाड घडविण्यासाठी जुना पाटाच का पसंत करतो, याचे उत्तर याच रचनेत आहे.

मग इतके बळकट पोलाद गाडीच्या भाराखाली तुटते कसे? येथे बळकटी व टिकाऊपणा या दोन गुणांत भेद करावा लागतो. एकदाच येणारे मोठे बल सोसण्याची क्षमता म्हणजे बळकटी. पुनःपुन्हा येणारे मध्यम बल सोसण्याची क्षमता म्हणजे टिकाऊपणा. लोखंडी तार हाताने ताणून तुटत नाही, पण तीच मागे-पुढे वाकवीत राहिल्यास थोड्याच वेळात तुटते, हा अनुभव सर्वांचा आहे. या प्रकारास धातूचा शिणवटा म्हणतात.

शिणवट्याचा शास्त्रीय विचार रेल्वेच्या आसांपासून सुरू झाला. ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला. वरून धडधाकट दिसणारे आस असे का मोडतात, हा प्रश्न त्यानंतर अभियंत्यांपुढे ठळकपणे उभा राहिला. जर्मनीत ऑगस्ट व्होलर याने १८५० व १८६० या दशकांत आसांवर पद्धतशीर प्रयोग करून दाखविले की, प्रतिबल बळकटीच्या मर्यादेहून पुष्कळ कमी असले तरी ते पुरेशा वेळा आले म्हणजे आस तुटतो. आणि किती वेळा आल्यावर तुटेल हे मुख्यतः प्रतिबलाच्या चढउताराच्या मर्यादेवर अवलंबून असते. पुढे १९२४ मध्ये पामग्रेन व १९४५ मध्ये माइनर यांनी हाच विचार हिशेबाच्या रूपात मांडला : प्रत्येक हेलकावा धातूच्या आयुष्यातून आपला हिस्सा खर्च करतो, लहान हेलकावा अल्प, मोठा हेलकावा अधिक, आणि खर्चाची बेरीज पूर्ण झाली की धातू तुटतो. हा नियम स्थूल आहे, परंतु व्यवहारात मार्गदर्शनास पुरेसा आहे.

हेलकाव्यांची संख्या

हे हेलकावे किती असतात याची कल्पना साध्या गणिताने येऊ शकते. भरलेल्या गाडीचा पाटा भारामुळे १० सेंटिमीटर दबला आहे असे समजू. अशा आधारावरील भार मिनिटास सुमारे ९५ वेळा वरखाली होऊ शकतो. जालन्याहून पुण्यापर्यंतचा सुमारे ३०० किलोमीटरांचा प्रवास ताशी सरासरी ४० किलोमीटर वेगाने केल्यास साडेसात तास लागतात. तेवढ्या वेळात सुमारे ४३,००० हेलकावे होतात. याचा अर्थ, अवघ्या २४ फेऱ्यांत संख्या दहा लाखांवर जाते. अर्थात यांतील बहुतेक हेलकावे अगदी लहान असतात व त्यांचा खर्च नगण्य असतो. प्रश्न उरतो तो गतिरोधक, खड्डे, पुलांचे सांधे व काळ्या मातीवर बांधल्याने खचलेले रस्त्याचे पट्टे यांवरील मोठ्या हेलकाव्यांचा. मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरील रस्त्याचा पाया नीट न बांधल्यास पृष्ठभाग लवकरच लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर मोठे हेलकावे अपवाद न राहता नियम बनतात.

भार, जाडी आणि घात

आता प्रतिबलाचा हिशेब पाहू. पाट्यांच्या संचाच्या एका टोकावरील भार, मध्यापासून त्या टोकापर्यंतचे अंतर आणि ६ ही संख्या यांचा गुणाकार करावा. त्यास पाट्यांची संख्या, पाट्याची रुंदी व जाडीचा वर्ग यांच्या गुणाकाराने भागावे. म्हणजे स्थूलमानाने पाट्यातील प्रतिबल मिळते. उदाहरणादाखल टोकावरील भार २२,००० न्यूटन, अंतर ७०० मिलिमीटर, पाटे १०, रुंदी ९० व जाडी १६ मिलिमीटर घेतल्यास उत्तर दर चौरस मिलिमीटरास सुमारे ४०० न्यूटन येते. हा भार जवळपास १०.२ टन आसभाराच्या गाडीचा आहे. खड्ड्यावर हेच प्रतिबल क्षणभर दीडपट किंवा त्याहूनही अधिक होते. तरीदेखील ते १,३०० च्या आत राहते. म्हणून गाडी निघते, पोहोचते, परत येते आणि मालकास वाटते की सर्व काही ठीक आहे.

आता भार पाव पटीने वाढविला असे समजा. प्रतिबल ४०० ऐवजी ५०० होते. बळकटीच्या दृष्टीने यात धोका दिसत नाही. परंतु शिणवट्याच्या दृष्टीने आयुष्य हे प्रतिबलाच्या चढउताराच्या मोठ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. हा घात पोलादाची जात व पृष्ठभागाची स्थिती यांप्रमाणे बदलतो. विवेचनापुरता तो पाच धरू. सव्वाचा पाचवा घात ३ हून किंचित अधिक होतो. म्हणजे पाव पट जादा भाराची एक फेरी पाट्याच्या आयुष्यातून तीन फेऱ्या वजा करते. भार दीडपट केल्यास एक फेरी साडेसात फेऱ्यांइतकी महाग पडते. दहा फेऱ्यांपैकी तीनच फेऱ्या पाव पट जादा भाराच्या केल्या तरी पाट्याच्या खात्यावर दहाऐवजी सोळा फेऱ्यांची नोंद होते. जादा भाराच्या भाड्याचा हिशेब लगेच होतो. आयुष्याचा हा हिशेब मात्र कोठेच लिहिला जात नाही.

जाडीचा वर्ग भागाकारात येतो ही बाबही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गंज व घर्षण यांनी १६ मिलिमीटरांचे पाटे १५ मिलिमीटरांचे झाले तर प्रतिबल सुमारे १४ टक्क्यांनी वाढते आणि वरील हिशेबाने आयुष्य जवळजवळ निम्मे होते. एक मिलिमीटर डोळ्यास दिसत नाही. पण पाट्यास तो जाणवतो.

लोखंडाचा भार डोळ्यांस दिसत नाही

जालन्याच्या वाहतुकीचे एक वैशिष्ट्य येथे सांगितले पाहिजे. या जिल्ह्यातून कापसाच्या गाड्याही जातात. कापसाची गाडी चोहोबाजूंनी फुगलेली असते. ती पाहून कोणीही म्हणेल की हिच्यावर फार बोजा आहे. सळईची गाडी मात्र रिकामी असल्यासारखी दिसते. पोलादाचे एक घनमीटर ७.८५ टन भरते. १० टन सळई भरीव धरली तर ती सव्वा घनमीटरात मावते. साडेपाच मीटर लांब व २.३ मीटर रुंद अशा हौद्यात तिचा थर केवळ १० सेंटिमीटर होतो. सळयांमधील पोकळी धरूनही तो एक वीत होत नाही. त्यावर आणखी चार बोटे थर चढला म्हणजे तीन टन वाढले, हे नजरेस कळणे अशक्य आहे. कापसात डोळा फसतो तो अधिक भार समजून. लोखंडात तो फसतो कमी भार समजून.

दुसरी गोष्ट भाराच्या जागेची. बांधकामाची सळई साधारणतः १२ मीटर लांबीची असते. ती आखूड हौद्यात दुमडून किंवा मागे बाहेर काढून न्यावी लागते. त्यामुळे भाराचा मध्य मागे सरकतो. दोन आसांतील अंतर ४.२ मीटर असलेल्या गाडीत १० टन भाराचा मध्य अर्धा मीटर मागे सरकला तर पुढील आसावरून सुमारे १.२ टन भार मागील आसावर जातो. वजनकाट्यावर गाडीचे एकूण वजन नियमात भरते, आणि तरीही मागील पाटा नियमाबाहेरचा भार वाहत असतो.

कायद्याची तरतूद या संदर्भात पाहण्यासारखी आहे. चार टायरांच्या एकेरी आसाची भारमर्यादा जुलै २०१८ मध्ये १०.२ टनांवरून ११.५ टन करण्यात आली. वाढ सुमारे पावणेतेरा टक्क्यांची आहे. नव्या मर्यादेसाठी योजलेल्या गाडीस तसे पाटे देता येतात. परंतु जुन्या मापाच्या पाट्याची जाडी राजपत्रातील अधिसूचनेने वाढत नाही. वरील हिशेबाने एवढ्या वाढीनेही तशा पाट्याचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते. २०१९ च्या दुरुस्तीने जादा भारास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये असा दंड ठरविण्यात आला आहे. दंडाचे भय नाक्यापुरते असते; शिणवटा मात्र नाका चुकवून गेलेल्या गाडीसही सोडीत नाही.

रस्त्याचेही असेच आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात प्रत्यक्ष गाड्या चालवून ज्या चाचण्या झाल्या, त्यांवरून रस्त्याची हानी आसभाराच्या सुमारे चौथ्या घाताने वाढते असा नियम काढण्यात आला. म्हणजे पाव पट जादा भार रस्त्याचे जवळपास अडीच पट नुकसान करतो. खराब झालेला रस्ता पुन्हा पाट्यावरील हेलकावे वाढवितो. अशा रीतीने एका गाडीचा जादा भार दुसऱ्या, नियमाने चालणाऱ्या गाडीचे पाटेही तोडीत असतो.

भेग कोठे जन्मते

शिणवट्याची भेग बहुधा पृष्ठभागावर आणि ज्या बाजूस ताण पडतो तेथे जन्मते. मागील पाट्यांत ही बाजू वरची होय. टोके वर उचललेली कमान भाराने सरळ होऊ पाहते, तेव्हा वरचा पृष्ठभाग ताणला जातो व खालचा दाबला जातो. वरच्या पृष्ठभागावरील हातोड्याचा घाव, गंजाचा खळगा, किंवा तापविताना कार्बन जळून मऊ झालेला थर ही भेगेची जन्मस्थाने ठरतात. म्हणूनच चांगल्या कारखान्यांत पाट्याच्या ताण पडणाऱ्या बाजूवर बारीक पोलादी गोळ्यांचा मारा करतात. त्यायोगे पृष्ठभागाच्या थरात कायमचा दाब साठतो व ताणाचा काही भाग तो परस्पर फेडून टाकतो. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन आल्मेन याने १९३० नंतरच्या दशकात ही पद्धत शास्त्रशुद्ध पायावर आणली.

दुसरे नाजूक स्थान म्हणजे सेंटर बोल्टचे छिद्र. यू बोल्ट घट्ट असताना पाट्याचा मधला भाग आसाशी आवळलेला असतो. तो वाकत नाही आणि छिद्रास त्रास होत नाही. यू बोल्ट थोडे जरी सैल झाले तरी वाकण्याची क्रिया छिद्रापर्यंत पोहोचते, आणि छिद्राच्या कडेला प्रतिबल कित्येक पट एकवटते. मध्यावर, छिद्रातून तुटलेला पाटा पोलादाच्या दोषाची नव्हे तर बहुधा सैल यू बोल्टची साक्ष देतो.

तुटलेला तुकडा पाहता आल्यास बरेच काही कळते. भेगेचा जुना भाग गुळगुळीत, काळसर किंवा गंजलेला असतो व त्यावर शिंपल्यावरील रेषांसारख्या कडा दिसतात. शेवटच्या क्षणी तुटलेला भाग खरबरीत व चकचकीत असतो. गुळगुळीत भाग मोठा असेल तर मध्यम भाराखाली भेग सावकाश वाढली असे समजावे. तो लहान व खरबरीत भाग मोठा असेल तर भार फार होता. गुळगुळीत भाग मुळीच नसेल, तरच एकाच आघाताने किंवा ठिसूळपणाने पाटा तुटला असे म्हणता येते. भंगारात टाकण्यापूर्वी हा तुकडा एकदा पाहण्यास काहीही खर्च येत नाही.

उपायांचा विचार

पाटा वारंवार तुटू लागला की गॅरेजमध्ये सर्वांत प्रचलित उपाय म्हणजे एक जादा पाटा घालणे. या उपायाचे खरे मूल्य नीट समजून घेतले पाहिजे. दहाच्या ऐवजी अकरा पाटे झाले तर त्याच भाराचे प्रतिबल सुमारे नऊ टक्क्यांनी कमी होते, हे खरे. परंतु संच दहा टक्क्यांनी ताठ होतो. म्हणून रस्त्यावरील आघात अधिक प्रमाणात सांगाडा, आडव्या पट्ट्या, शॅकल व यू बोल्ट यांच्याकडे जातो. परतीच्या रिकाम्या फेरीत तर गाडी अक्षरशः उडत जाते. शिवाय नव्या पाट्याची कमान जुन्या, बसलेल्या पाट्यांहून अधिक असेल तर आवळताना तोच अधिक भार घेतो व तोच प्रथम तुटतो. नवा पाटा घालावयाचा तर त्याची कमान संचाशी जुळवून घ्यावी, किंवा संपूर्ण संचच बदलावा. आणि जादा पाट्याने मिळालेली नऊ टक्क्यांची सवलत दोन जादा टनांसाठी वापरली तर उपाय करूनही स्थिती पूर्वीहून वाईटच होते.

काही उपाय सर्वस्वी त्याज्य होत. तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडणे हा त्यांतील पहिला. या पोलादात कार्बन अधिक असल्याने जोडाशेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ व त्यापलीकडचा पट्टा मऊ होतो. शेकण्याच्या सर्व संस्कारावर पाणी पडते. बसलेल्या पाट्यास गॅसच्या ज्योतीने तापवून घणाने कमान देणे हाही त्याच जातीचा उपाय आहे. घणाची प्रत्येक खूण ही पुढील भेगेची जागा असते.

याउलट जे खरोखर उपयोगी आहे ते साधे आहे. नवे पाटे बसविल्यावर थोड्या अंतराच्या भरल्या फेरीनंतर यू बोल्ट पुन्हा ठरलेल्या बलाने आवळावेत. पाट्यांमधील चिखल काढून घर्षणाच्या जागी ग्रीस द्यावे. बूश झिजताच बदलावे. भार हौद्यात शक्य तितका पुढे, कारखान्याने ठरविलेल्या मर्यादेत ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, काट्यावर गाडीचे एकूण वजन करतेवेळीच केवळ मागील चाके काट्यावर ठेवून मागील आसाचे वजन वेगळे करावे. या दुसऱ्या वजनास दोन मिनिटे लागतात, आणि पाट्याच्या आयुष्याविषयी जेवढी माहिती त्यातून मिळते तेवढी इतर कोणत्याही तपासणीतून मिळत नाही.

पाट्यामागील माणूस

हा सर्व विचार केवळ पाट्याच्या किमतीचा असता तर त्यास इतका विस्तार द्यावा लागला नसता. पुष्कळ मालमोटारींत मागील आस आपल्या जागी धरून ठेवण्याचे कामही पाटाच करतो. मुख्य पाट्याच्या पुढील डोळ्यात पिन असते. तीवरूनच चाकांची ओढ सांगाड्यास मिळते. मधला एखादा पाटा तुटला तर गाडी एका बाजूस झुकते व चालकास ते कळते. परंतु मुख्य पाटा पुढील डोळ्याजवळ तुटला तर त्या बाजूचे चाक मागे सरकते, आस तिरपा होतो आणि गाडी मागील चाकांनी वळू लागते. चालकाच्या हातातील सुकाणूचा मग फारसा उपयोग राहत नाही. म्हणूनच अनेक रचनांत दुसऱ्या पाट्याचे टोक पहिल्याच्या डोळ्याभोवती सैल वळविलेले असते, जेणेकरून पहिला तुटला तरी आस निसटू नये. हा दुसरा पाटा बदलताना आखूड, वळण नसलेला पाटा घालणे म्हणजे ही राखीव सुरक्षितता काढून टाकणे होय.

नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि जून २०२५ मध्ये संपूर्ण ७०१ किलोमीटरांचा मार्ग पूर्ण झाला. सपाट मार्गावर पाट्याचे मोठे हेलकावे कमी होतील, हे निश्चित. परंतु वेग वाढल्याने, पूर्वीच जन्मलेली भेग अशा मार्गावर पुरी झाली तर तिचा परिणाम अधिक गंभीर होईल, हेही तितकेच निश्चित. जुन्या रस्त्यावर कमावलेला शिणवटा गाडी नव्या रस्त्यावर बरोबर घेऊनच येते.

सारांश, मागील पाट्याचा टिकाऊपणा हा पोलादाच्या बळकटीने एकट्याने ठरत नाही. आसावरील भार, त्याची जागा, पृष्ठभागाची निगा आणि यू बोल्टची पकड यांच्या एकत्रित हिशेबाने तो ठरतो. यांतील पोलादाची प्रत कारखान्याच्या हाती आहे. उरलेल्या चारही गोष्टी माल भरणारा, मालक, मिस्त्री व चालक यांच्या हाती आहेत. चालकाच्या हाती मात्र त्यांतील सर्वांत थोडे आहे, आणि पाटा तुटल्यावर सर्वांत अधिक धोका त्यालाच आहे. म्हणून मागील आसाचे वेगळे वजन माल भरण्याच्या जागीच, गाडी दरवाज्याबाहेर पडण्यापूर्वी व्हावे, हा या विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.